खाली बसा की ओ! नांदेड ते पैठण, कॅमेऱ्यांच्या गर्दीतून

फाल्गुन पौर्णिमा, नांदेड

होळी ते नाथषष्ठी हा मराठवाड्यातला आठवडा फोटो काढणाऱ्यांसाठी भरगच्च असतो. पौर्णिमेला होळी पेटते, दुसऱ्या दिवशी नांदेडला शिखांचा होला मोहल्ला, मग गावोगावच्या जत्रांतल्या कुस्त्या, रंगपंचमी, आणि षष्ठीपासून पैठणला नाथांची यात्रा. या ठिकाणी मी फोटोंसाठी पूर्वीही फिरलोय. या वेळी फोटोंइतकंच फोटो काढणाऱ्यांकडे बघायचं ठरवून निघालो. एकाच कडेला पंधरा-वीस जण खांद्याला खांदा लावून उभे राहतात, प्रत्येकाला तोच क्षण हवा असतो, आणि तरी बहुतेक वेळा सगळ्यांचं काम होतं. हे जमतं कसं, याची मला फार दिवसांपासून ओढ आहे.

सोबत परभणीचा धाकटा मित्र. लग्नाच्या व्हिडिओची कामं करतो. दोन लग्नांच्या मध्ये हा आठवडा मोकळा सापडला म्हणून गाडी त्याची, डिझेल माझं.

संध्याकाळी सचखंड गुरुद्वाऱ्यात गेलो. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ मध्ये इथेच देह ठेवला. आजची वास्तू महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात बांधून घेतली. डोकं झाकून आत गेलो, कॅमेरे पिशवीत ठेवले. दर्शन झालं, लंगरमध्ये जेवलो, आणि उद्याच्या मिरवणुकीचा रस्ता पायी बघायला निघालो.

रस्त्यावर स्थानिक वर्तमानपत्राचे एक ज्येष्ठ छायाचित्रकार भेटले. तेही हेच करत होते. दुकानांच्या पायऱ्या, विजेचे खांब, वळणं बघत चालले होते. मी एका कोपऱ्यावर थांबून हाताने चौकट करून बघत होतो, तर म्हणाले, "इथं नका उभं राहू भाऊ. घोडे इथंच कापून वळतेत. त्या समोरच्या शटरला पाठ लावा, मी पण तिथंच असतोय." उद्या त्यांना आणि मला तोच फोटो हवा होता. तरी त्यांनी चांगली जागा सांगितली, तीही स्वतःच्या शेजारची.

वद्य प्रतिपदा, नांदेड

दुपारपासूनच शटरला पाठ लावून उभे होतो. पंजाबातून आलेले यात्रेकरू, निळ्या पोशाखातले निहंग शीख योद्धे, घरांच्या गच्च्यांवर बायका-मुलं. गुरुद्वाऱ्यात सांभाळलेले गुरूंचे घोडे सजून पुढे आले की लोक हात जोडतात. मग चौकात अरदास, म्हणजे प्रार्थना, होते आणि लटक्या लढाईसारखा हल्ला सुटतो. निशाण साहिबचा झेंडा, घोडे, उघड्या तलवारी घेतलेले जथ्थे, सगळं एकदम धावत अंगावर येतं. जयकाऱ्यांपुढे शेजारच्याचं ओरडणंही ऐकू येत नाही.

अशा वेळी काय होतं, ते कॅमेरा डोळ्याला लावलेल्यालाच कळेल. जवळून काढायचं म्हणून लेन्स रुंद लावलेली असते, २४ मिलिमीटरची किंवा त्याहून कमी. त्या लेन्समधून घोडा आहे त्यापेक्षा बराच लांब दिसतो. तुम्हाला वाटतं अजून चार ढांगा आहेत, आणि प्रत्यक्षात तो हाताच्या अंतरावर असतो. म्हणून इथल्या जुन्या लोकांनी एक रीत पाडली आहे. पुढचा फोटो काढतो तेव्हा मागचा त्याच्या कमरेचा पट्टा किंवा पिशवी धरतो. धोका दिसला की मागे ओढतो, विचारत बसत नाही. लाट गेली की दोघं जागा बदलतात. ज्येष्ठांनी माझा पट्टा धरला होता. एकदा खरंच ओढलं, आणि माझ्या पुढून एक पांढरा घोडा गेला. त्याच्या घामाचा वास अजून आठवतो.

गर्दीत भारी बॉडी-लेन्सवाले होते, जुन्या किट लेन्सवर काम भागवणारे होते, आणि सगळ्यात जास्त होते मोबाइलवाले. मोबाइलवाल्यांचे हात डोक्याच्या वर जातात आणि मागच्या रांगेची फ्रेम बंद होते. यावर चिडचिड करणारे पुष्कळ. ज्येष्ठांनी मात्र पुढच्या पोराच्या खांद्यावर हात ठेवून एवढंच म्हटलं, "बाळा, हात छातीशी धर, तुझाबी व्हिडिओ हलणार नाही." पोरगं ऐकलं. सल्ला खराही होता. हात लांब करून धरलेला फोन थरथरतोच.

वद्य द्वितीया, लोहा–अहमदपूर रस्ता

सकाळी निघालो. लोह्याच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ज्वारी काढून झालेली, कडब्याच्या पेंढ्यांच्या रांगा, आणि माळावर पळस पेटलेला. अहमदपूरच्या अलीकडे आत वळून एका गावच्या जत्रेत पोचलो, तेव्हा हलगी वाजायला लागली होती.

कुस्तीच्या बाबतीत मराठवाड्याला सांगण्यासारखं पुष्कळ आहे. 'महाराष्ट्र केसरी'ची पहिली स्पर्धा १९६१ मध्ये औरंगाबादलाच झाली आणि दिनकर दह्यारींनी ती जिंकली. रुस्तुम-ए-हिंद हरिश्चंद्र बिराजदार निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे. १९७० च्या एडिनबर्ग राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्ण मिळवलं. २०१८ मध्ये जालन्यात बाला रफीक शेखने अभिजित कटकेला हरवून 'महाराष्ट्र केसरी'चा किताब घेतला. मोठ्या स्पर्धांत फोटोवाल्यांना ओळखपत्र मिळतं, दोरीबाहेर जागा ठरवून दिलेली असते. जत्रेच्या फडात असलं काही नसतं. मोकळ्या रानात नांगरून, दगड वेचून, पाणी मारून भुसभुशीत केलेली जमीन. भोवती मांडी घालून बसलेलं गाव. आणि पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांना गुडघा लावून आम्ही.

आधी रेवड्यांवरच्या कुस्त्या, लहान लेकरांच्या. मग शंभर-दोनशेपासून चढत जाणाऱ्या. एका बाजूला पंच, फेटे बांधलेले वस्ताद, आणि माइकवरून सारखी एकच हाक : "फोटोवाल्यांनी खाली बसून घ्यावं, मागच्या पाव्हण्यांना दिसंना गेलंय." मागून गावकऱ्यांची भर : "खाली बसा की ओ!"

ही हाक रास्तच आहे. कुस्ती गावाची आहे, वर्गणी गावाने दिली आहे, आणि मागे बसलेला माणूस वर्षभर या दुपारची वाट बघत असतो. त्याच्या डोळ्यांपुढे माझी पाठ येणं मला पटत नाही. म्हणून जत्रेच्या कुस्त्यांना मी पहिल्यापासून मातीतच बसतो. फोटोच्या दृष्टीनेही तेच बरं. पैलवान एकमेकांच्या पटात शिरतात तेव्हा तोंडं खाली असतात. उभ्याने काढलं तर दोन पाठी मिळतात, बसून काढलं तर डोळे मिळतात.

जागेचा खरा प्रश्न उन्हाचा असतो. दुपार कलली की सगळे कॅमेरे पश्चिमेच्या कडेला जमतात, कारण ऊन पाठीवर आणि पैलवानाच्या तोंडावर प्रकाश. परिणाम असा की पूर्वेकडून काढणाऱ्याच्या प्रत्येक फोटोत मागे ओळीने दहा कॅमेरे दिसतात. इथे मी जालन्याकडचे एक स्टुडिओवाले मामा पाहिले. साठीच्या आसपासचे, डोक्याला पंचा. ते एकटेच उन्हाकडे तोंड करून पूर्वेच्या कडेला बसले होते. मी सरकत त्यांच्याजवळ गेलो.

"मामा, ऊन लेन्समध्ये येत नाही का?"

"येतंय की. पण माती उडती तेव्हा बघा."

बघितलं. पैलवानाने मूठभर माती घेऊन समोरच्याच्या मानेवर चोळली, आणि उन्हाच्या विरुद्ध ती धूळ सोन्यासारखी उजळली. अंगाच्या कडा चमकल्या, चेहरे अर्धे काळोखात. पलीकडचे दहा कॅमेरेही त्या धुळीत पुसट होऊन गर्दीचा भाग झाले. मामांनी मला शेजारी जागा करून दिली. वर सांगितलं की पोकळ घिस्सा हा डाव बसायला लागला की बोट दाबून ठेवायचं, कारण त्यातून सुटला तरी फोटो आणि पडला तरी फोटो.

मामांचं दुसरं सांगणं जास्त महत्त्वाचं. फडाच्या कडेला पाय पसरून बसायचं नाही, आणि लेन्स फडात पुढे काढायची नाही. लोळत आलेल्या पैलवानाच्या बरगडीत लेन्सची कड बसली तर त्याचं वर्ष वाया जातं. शेवटच्या कुस्तीत जोड दोनदा आमच्या अंगावर आली. दोन्ही वेळा आख्खी ओळ एकदम मागे सरकली, ज्याच्या मागे जागा नव्हती त्याला शेजाऱ्यांनी काखेत धरून उचललं. कुणीही बटण दाबत बसलं नाही. एका नवख्या पोराने फ्लॅश मारला तेव्हा वस्ताद तिथूनच गरजले. डाव धरलेल्या माणसाच्या डोळ्यांवर क्षणभर अंधारी आली तर तेवढ्यात समोरचा त्याला आसमान दाखवतो. पोराचा फ्लॅश कसा बंद करायचा ते त्याच्याच शेजाऱ्याने करून दिलं.

माझी बॅटरी निकालाच्या कुस्तीआधी संपत आली. मामांच्या पिशवीत एलपी-ई६ होती. कॅननच्या कितीतरी बॉडींना ती एकच बॅटरी चालते. न विचारता हातात ठेवली. "पैठणला येणार म्हणालात ना, तिथं द्या."

वद्य तृतीया, लातूर

रात्री उशिरा पोचलो. सकाळचा वेळ धूळ साफ करण्यात गेला. फडाजवळ लेन्स बदलू नये हे सगळ्यांना माहीत असतं, तरी माती कुठून तरी आत शिरतेच.

दुपारी गंजगोलाई. १९१७ मध्ये नगररचनाकार फैयाजुद्दीन यांनी आखलेला हा गोल बाजार, सोळा रस्ते इथे येऊन मिळतात. रस्त्यावरचे फोटो काढणारी तीन-चार कॉलेजची पोरं भेटली. ती एकाच भाजीवाल्या मावशींवर चार बाजूंनी कॅमेरे रोखून उभी. हे मला रुचलं नाही आणि मी तसं सांगितलं. मैदानात उतरलेल्या खेळाडूला आपल्याकडे बघितलं जाणार हे ठाऊक असतं. मावशी भाजी विकायला बसल्या आहेत. एकाने विचारून काढावा, बाकीच्यांनी दुसरीकडे बघावं, सोळा रस्ते आहेत. पोरं समजूतदार. एकाने जाऊन मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, "काढ बाबा, पण आधी गिऱ्हाईक जाऊ दे."

चहा घेताना त्याच पोरांनी विचारलं की दोघांनी शेजारी बसून सारखाच फोटो काढला तर तो कुणाचा. कायदा सरळ आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटो ज्याने काढला तो त्याचा कर्ता, आणि त्याच्या हयातीत व मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो. क्षण कुणाचाच नसतो. ज्याची फ्रेम त्याची. खरा त्रास वेगळाच आहे. मामांचा कुस्तीचा फोटो एका बातम्यांच्या पेजने खालची नावाची पट्टी कापून आदल्याच रात्री टाकला होता. माझ्या मित्राने तो ओळखला, पेजला कळवलं, उत्तर नाही. शेजारी बसलेला साक्षीदार असतो, आणि त्या साक्षीचा उपयोग इथेच होतो.

वद्य चतुर्थी, धाराशिव

मुरूडमार्गे धाराशिव. इथे यायचं कारण खो-खो. सारिका काळे याच जिल्ह्याची. २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या संघाची कर्णधार, २०२० चा अर्जुन पुरस्कार. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत पहिला विश्वचषक जिंकणाऱ्या महिला संघाची कर्णधार प्रियंका इंगळे शेजारच्या बीड जिल्ह्याची. या मातीत मुली खो-खोत का चमकतात हे बघायचं तर सकाळी सहाच्या सरावाला यावं.

मैदानावर सराव सामना लावला होता. आम्ही दोघं, आणि लातूरहून आलेली एक तरुण फोटोग्राफर. ती स्वतः शाळेत असताना जिल्ह्याच्या संघातून खेळलेली. तिच्याकडची लेन्स माझ्या लेन्सच्या निम्म्या किमतीची. पहिल्या डावानंतर आम्ही एकमेकांचे फोटो बघितले. माझ्याकडे धूळ आणि हुकलेले हात, तिच्याकडे बोट पाठीला टेकतानाचा नेमका क्षण, एक सोडून चार.

"तुम्ही बॉलसारखं बघायलाव सर," ती म्हणाली. "इथं बॉल नाही. बसलेल्यांकडं बघा."

मग तिने समजावलं. आठ जणी चौरसात बसलेल्या, एकआड एक तोंड विरुद्ध दिशेला. खो मिळाला की उठणारी तिच्या तोंडाच्या बाजूलाच जाणार, मधली रेषा ओलांडणार नाही, आणि एकदा दिशा घेतली की खांब येईपर्यंत मागे वळणार नाही. म्हणजे पुढच्या दोन सेकंदांत आक्रमक कुठे असेल हे आधीच ठरलेलं असतं. संरक्षण करणारी मुलगी काय करेल तेवढंच ओळखायचं, आणि ते तिचा खांदा सांगतो. हुलकावणीत पाय खोटं बोलतात, खांदा बोलत नाही. "खांबाकडचा फोटो पाहिजे असंल तर शटर हजाराच्या खाली आणू नका." म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षा संथ नको.

ती स्वतः खांबामागे बसली होती, पण खांबापलीकडच्या मुक्त क्षेत्राच्या बाहेर, चुन्याच्या रेषेपासून चांगली दूर. खांबावर सूर मारून येणारी मुलगी त्या वेगात थांबू शकत नाही. तिच्या वाटेत कॅमेरा असता कामा नये. दुसऱ्या डावात तिने मला तिची जागा दिली आणि स्वतः मैदानाच्या आडव्या बाजूला गेली. का, विचारलं. म्हणाली, तिथून तिने भरपूर काढलेत, आता आडवी बाजू तिला शिकायचीय. तिच्या जागेवरून मला मिळालेला फोटो या आख्ख्या प्रवासातला माझा सगळ्यात आवडता आहे. एक हात खांबाला, अंग जमिनीला समांतर, दुसऱ्या हाताची बोटं पळणारीच्या पाठीपासून इंचभर.

सराव संपल्यावर प्रशिक्षकांनी आम्हाला तिघांना बाजूला घेतलं. आवाज शांत. सांगितलं, फोटो टाकण्याआधी मला दाखवा. पडताना, कपडे अस्ताव्यस्त झालेले, मुलींना नको असतील असे फोटो बाहेर गेले, की घरचे सराव बंद करतात. असं घडलेलं त्यांनी पाहिलंय. आम्ही तिथेच ओट्यावर बसून कार्ड चाळली. डाव म्हणून उत्तम असलेले काही फोटो त्यांनी नको म्हटले. आम्ही समोरच खोडले. लातूरची मुलगी आधीच निम्मे खोडून बसली होती. तिला कुणी सांगावं लागलं नव्हतं. मुलींच्या खेळांना अशा, आतून खेळ माहीत असलेल्या फोटोग्राफर मुली प्रत्येक जिल्ह्यात हव्यात, असं मला मनापासून वाटतं. सुरुवात म्हणून क्रीडा संकुलांनी सामन्यांना त्यांना बोलवावं, मानधन द्यावं.

वद्य पंचमी, येरमाळा–बीड–पाचोड

रंगपंचमी. कॅमेरे दुहेरी प्लॅस्टिकमध्ये बांधून डिकीत. येरमाळ्याच्या घाटापुढे एका ढाब्यावर धपाटे आणि दही. बीडमध्ये पोरांनी गाडी रंगवली. गेवराईच्या पुढे गोदावरी ओलांडली, पाचोडला डावीकडे वळून रात्री पैठण.

वद्य षष्ठी ते अष्टमी, पैठण

षष्ठी हा एकनाथ महाराजांच्या जलसमाधीचा दिवस. पहाटेपासून गोदेच्या वाळवंटात दिंड्यांच्या राहुट्या, चुली, टाळ. मामा ठरल्याप्रमाणे भेटले. बॅटरी परत दिली, सोबत कुस्तीचा एक छापील फोटो, ज्यात ते स्वतः उन्हाकडे तोंड करून बसलेले दिसतात. फोटोग्राफरचा फोटो कुणाकडे नसतो. तो शेजाऱ्यानेच काढायचा.

इथल्या गर्दीची जात वेगळी. खेळात सगळे कॅमेरे एका रेषेवर असतात, यात्रेत कॅमेरे माणसांच्या आत मिसळलेले. वारकरी पावली खेळत असताना गिंबल, म्हणजे कॅमेरा हलू न देणारा दांडा, घेतलेला एक जण रिंगणाच्या मधोमध उलटा चालत होता. विणेकरी बुवा थांबले. टाळ थांबले. बुवांनी एवढंच विचारलं, "माउली, तुम्ही येताय का पावलीला?" तो बाजूला झाला. मग मामांनी त्याला घेतलं, दिंडीच्या पुढे वीस पावलांवर नेऊन उभं केलं आणि सांगितलं, आता तू चालू नकोस, दिंडीला तुझ्याकडे येऊ दे. त्याचा पुढचा व्हिडिओ मी पाहिला. टाळकरी कॅमेऱ्याकडे न बघता दोन्ही बाजूंनी निघून जातात, आणि मध्ये एक लहानगी टाळ वाजवत थेट लेन्सपर्यंत येते.

सप्तमीला विशेष काही टिपलं नाही. पाय दुखत होते, आणि दिवसभर कीर्तन ऐकलं.

अष्टमीला संध्याकाळी नाथमंदिराच्या आवारात काल्याची दहीहंडी. जागा कमी, लोक अफाट. आम्ही पाच जणांनी दुपारीच बसून वाटणी केली. दोघं वर ओवरीवरून हंडीकडे रोखून, दोघं खाली लोकांच्या चेहऱ्यांकडे, एक जण फक्त फुटल्यानंतरचे हात टिपणार. रात्री सगळे फोटो एकत्र बघायचे, ज्याला जो लागेल तो त्याच्या मालकाला विचारून, नावासकट वापरायचा. आमच्यातल्या एका वर्तमानपत्राच्या पोराला हंडी लागणार होती, मामांना गावकऱ्यांचे चेहरे, कारण तेच लोक पुढे स्टुडिओत येतात. म्हणून वाटणीवर भांडण झालं नाही.

माझ्या वाट्याला चेहरे आले. हंडी फुटली तेव्हा मी हंडीकडे बघितलंसुद्धा नाही. माझ्यासमोर तोंड वर करून उभ्या असलेल्या एका आजींच्या कपाळावर दह्याचा शिंतोडा पडला, त्यांनी तो बोटाने पुसून जिभेला लावला, आणि शेजारच्या अनोळखी पोराच्याही तोंडात बोट घातलं.

रात्री बसस्थानकासमोरच्या हॉटेलात लॅपटॉप उघडला. माझा मित्र आणि वर्तमानपत्राचा पोरगा ओवरीवर अर्ध्या फुटाच्या अंतराने बसले होते. एकाच्या फोटोत हंडी अखंड आहे आणि काठी तिला टेकलेली. दुसऱ्याच्या फोटोत खापऱ्या हवेत आणि दही अजून सांडायला सुरुवात व्हायची आहे. कुठला बरा यावर दोघं बराच वेळ वाद घालत बसले. मामांनी दुसरा निवडला, मी पहिला. वर्तमानपत्राने दोन्ही छापले, दोघांच्या नावांसकट, शेजारी शेजारी.